दबावाचा स्रोत : छबूबाई जावीर

कपाळाला पट्टी बांधली की पहिल्यांदा तुम्हाला गाय दाखवतात. मग एस.टी., पाण्याची टाकी, शेवग्याचं झाड, परत गाय. मी म्हणलं, "मॅडम, मला अंगणवाडीत घातलंय का काय?"

मुजावर मॅडम हसल्या नाहीत. परीक्षा घेणाऱ्या बाई त्या, दिवसभर माणसांच्या कपाळांत बघायचं काम. "मास्तर, बोलू नका. कशानं तुमच्या मनात काहीच हलत नाही, ते मशीनला आधी कळावं लागतं. मग खरी चित्रं येतील."

गप्प बसलो. कोर्टानं पाठवलं होतं, आपण काय बोलणार? मी भारत जावीर, विट्याच्या जावीर बँडचा क्लॅरिनेट मास्तर. म्हणजे होतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या पुतण्यानं, प्रथमेशनं, भर वरातीत झांजेच्या स्टँडचा लोखंडी दांडा माझ्या तोंडावर घातला. वरचे दात गेले, जबडा मोडला, ओठाची नस मेली. दात नवे बसले, हल्ली ते सोपं झालंय. नस काही बसली नाही. क्लॅरिनेट तोंडात घेतलं की ओठानं धरलंय का सोडलंय तेच मला कळत नाही. फुंकावं तर बाजूनं वारं जातं.

भांडण कशावरनं? पोरानं माझ्याच वाजवण्याची नक्कल करणारी आवाजाची गाडी आणली होती. चाकावरची पेटी, आणि आतनं मी वाजतोय! तिला ना चहा लागायचा ना जेवण. मी चारचौघांत त्याला म्हणलं, "बापानं बँड उभा केला, तू तो भंगारात घाल." म्हणलं ते म्हणलं, आजही म्हणीन. त्यावर त्यानं दांडा घातला.

गाई संपल्या आणि खरी चित्रं सुरू झाली. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण तो कवटीतनं बोटाच्या पेराएवढा आत जातो आणि परत येतो. मेंदूचा जो कोपरा कामाला लागतो तिकडं ताजं रक्त धावतं, आणि ताज्या रक्तातनं परतलेला उजेड शिळ्या रक्तापेक्षा वेगळा असतो. तो फरक मशीन वाचतं. छातीला श्वास मोजायचा पट्टा, डोळ्यांच्या बाहुल्यांवर कॅमेरा. माणूस आपल्या मर्जीनं काही ठरवतो तेव्हा रक्त एका तऱ्हेनं धावतं. "हे केलं नाही तर काय होईल" म्हणून ठरवतो तेव्हा दुसऱ्या तऱ्हेनं. हजारो माणसं तपासून मशीनला या दोन तऱ्हा शिकवल्यात. कागदावर त्याचं नाव संमतीमापक. लोक नुसतं पट्टी म्हणतात. "तुमची पट्टी झाली का?" असं कोर्टाच्या आवारात लोक एकमेकांना विचारतात.

एकेक चेहरा यायचा आणि कानात एकच प्रश्न. "ही तडजोड तुम्ही स्वतःच्या मर्जीनं केली का?" मी "हो" म्हणायचं.

प्रथमेश आला. माझा जबडा आवळला, मला कळलं. "हो."

तडजोडीला बसलेले पंच आले. "हो." माझी बायको नंदा आली. "हो."

मग छबूवहिनी आल्या. आधारकार्डावरचा फोटो होता. त्यात त्या फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारख्या दिसतात. "हो," मी म्हणलं.

मुजावर मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याच्या जवळ जाऊन बघितलं.

छबूवहिनी म्हणजे प्रथमेशची आई, माझ्या थोरल्या भावाची, अर्जुनदादाची बायको. माझी आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की तिचा चेहरा मला आठवत नाही. आई म्हणलं की वहिनींचाच चेहरा समोर येतो. प्रथमेश त्यांना फार उशिरा झाला. तोवर त्यांचं पोरगं मीच होतो. दादा गेल्यावर तर त्यांना आम्ही दोघंच, एक तोंड फोडणारा आणि एक तोंड फुटलेला.

दुपारी प्रथमेशची वकील, मगदूम मॅडम, बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. तरुण पोरगी, पण चेहऱ्यावर दमणूक माझ्याएवढीच.

"मास्तर, घोटाळा झाला. अहवालात दबाव आलाय."

"कुणाचा? प्रथमेशचा?"

"त्याचा नाही. त्याचा चेहरा बघून तुम्हाला नुसता राग आलाय. राग चालतो. राग ठेवूनही तडजोड करता येते." तिनं हातातला पडदा माझ्याकडं वळवला. तिथं लिहिलं होतं, दबावाचा स्रोत : छबूबाई अर्जुन जावीर. तीव्रता : जास्त.

मी मोठ्यानं हसलो. बाकावरची माणसं बघायला लागली. "मॅडम, या बाईनं मला तडजोडीचा त पण म्हणलेला नाही. उलट पंचांसमोर मीच विषय काढला, तर त्या म्हणाल्या, 'तुझं तू बघ, माझ्याकडं बघू नगंस.'"

"मला माहितेय. पण कोर्टाला मी काय दाखवू?"

हे प्रकरण मला आधी तिनंच समजावलं होतं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं नाही. लोखंडी दांड्यानं हाड नाहीतर दात मोडणं, हा गुन्हा मारणाऱ्यानं आणि मार खाल्लेल्यानं आपसात मिटवला तरी मिटत नाही. तो सगळ्या समाजाविरुद्धचा धरतात, म्हणून खटला सरकार चालवतं. खालच्या कोर्टानं प्रथमेशला सात वर्षं दिली. पण वर अपील गेलं की न्यायाधीश दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतात. गुन्हा झाला का, ही एक. तिथं आमच्या तडजोडीला कुणी विचारत नाही. शिक्षा किती, ही दुसरी. तिथं मात्र मार खाल्लेलाच म्हणत असेल, आता पुरे, एका घरातली माणसं आहोत, तर कोर्ट भोगलेली शिक्षा पुरेशी धरून आरोपीला सोडू शकतं. सोडलंच पाहिजे असं नाही, पण सोडू शकतं. आमची सगळी आशा तेवढ्यावर होती.

पूर्वी माणूस उभा राहून "मर्जीनं केलं" म्हणायचा आणि भागायचं. पण लोक काय कमी आहेत? पोरी पळवून, घरावर माणसं घालून तडजोडीच्या सह्या घेतल्या जायच्या. म्हणून पट्टी आली. चांगल्यासाठीच आली, उगाच कशाला नावं ठेवा? आता नियम असा, की तडजोडीत दबाव निघाला तर शिक्षा ठरवताना ती धरायचीच नाही. वर ज्याचा दबाव निघाला त्याची पोलीस चौकशी.

"फेरपरीक्षा एकदाच मागता येते," मगदूम मॅडम म्हणाली. "तीही फसली तर प्रथमेश उरलेली साडेचार वर्षं आत."

मी तसाच उठून परत मुजावर मॅडमच्या खोलीत गेलो. त्या डबा उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय."

"बसा, मास्तर." डबा त्यांनी झाकला. "वहिनींचा चेहरा बघून तुम्हाला भीती वाटली?"

"त्यांची भीती? पावसात भिजलेलं मांजरसुद्धा भीत नाही त्यांना."

"मग काय वाटलं?"

मी सांगायला गेलो आणि अडकलो. "हे केलं नाही तर त्यांना काय वाटेल, असं वाटलं. त्या काही म्हणणार नाहीत. पण आतनं तुटतील."

"तेच मशीनला दिसलं. 'नाही म्हणालो तर ती मला मारेल' आणि 'नाही म्हणालो तर ती तुटेल', दोन्हींत रक्त एकाच वाटेनं जातं. हे केलं नाही तर वाईट होईल, एवढंच मशीनला कळतं. कुणाचं वाईट, ते कळत नाही."

"मॅडम, त्याला भीती नाही म्हणत. भीड म्हणतात."

"भीड त्याला कुणी शिकवलेली नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर वाईट वाटल्यासारखा होता. "मी वर दोनदा कळवलंय. तुमच्यासारखे पुष्कळ येतात."

भीड भिकेची बहीण म्हणतात. आता ती फौजदारीची मावशी झाली.

आमची दोन घरं, मध्ये एक अंगण. चौथ्या-पाचव्या दिवशी ठाण्यातनं एक पोलीसबाई आल्या आणि वहिनींच्या उंबऱ्यावर बसल्या. मी आमच्या दारात. नंदा माझ्यामागं.

"आजी, दिरावर दबाव टाकला का तुम्ही?"

"कसला गं?"

"मिटवून टाक म्हणून. रडलात, उपास धरला, जिवाचं बरंवाईट करीन म्हणालात, असं काही?"

"म्या कशाला? पोरानं मारलं, पोरगं आत गेलं. न्याव झाला."

"मग काय केलंत?"

वहिनींनी खरंच विचार केला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला असल्या प्रश्नाला वेळ लागतो. "मऊ भात दिला," त्या म्हणाल्या. "ताकातला. त्याला चावता येत न्हवतं न्हवं."

"किती दिवस?"

"अजून देतीया की."

दात बसून मला दोन वर्षं झाली होती. भात चालूच होता, आणि मी पण खात होतो. पोलीसबाईंचा हात जरा थांबला, पण त्यांनी लिहून घेतलं. जाताना आदेश वाचून दाखवला. फेरपरीक्षेपर्यंत छबूबाईंनी माझ्याशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, खायला काही द्यायचं नाही, आणि मीही त्यांच्याकडं जायचं नाही.

"एका अंगणात?" नंदा म्हणाली. "मग अंगणाला पडदा लावा."

रात्री जेवताना ती म्हणाली, "मोडा तडजोड. न्हाई सुटायचा तर न्हाई सुटायचा. तोंड तुमचं फुटलं, आन् कोर्टात कपाळपण तुमचंच तपासायचं? त्या पोराचं कपाळ बघितलं का कुणी? त्याला पस्तावा हाय का न्हाई, त्याचं मशीन कुठाय?"

"त्याच्यासाठी करतोय का मी? त्याला मी माफ केलेलं नाही. मरेपर्यंत करणार नाही."

"मग?"

"वहिनींची सत्तरी उलटली, नंदा. पिकलं पान. साडेचार वर्षं निघतील का त्यांची? पोराचं तोंड बघायचंय त्यांना. म्हणत नाहीत, पण दुसरं काय हाय त्यांच्या मनात?"

माझ्यावर रागावली की नंदा ताट जोरात उचलते. त्या दिवशी हळू उचललं.

मगदूम मॅडमनं पत्ता दिला. कोल्हापुरात मनतयारीचे वर्ग निघालेत. पट्टी लागणार असलेले लोक तिथं जातात. बेकायदा काही नाही. ड्रायव्हिंगची परीक्षा असली की ड्रायव्हिंग स्कूल निघणारच. आमचे शिर्केसर निवृत्त प्राध्यापक, मानसशास्त्र शिकवलेले. कपड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती.

"साधं शास्त्र आहे," ते म्हणाले. "रस्त्याकडेच्या घरात राहायला गेलं की पहिले आठ दिवस ट्रकच्या आवाजानं झोप येत नाही. मग ऐकूही येत नाही. आवाज तोच असतो, मेंदू त्याला उत्तर द्यायचं सोडतो. आपण वहिनींच्या चेहऱ्याचं तसं करायचं. फोटो बघायचा, परत बघायचा, आणि बघताना त्यामागून काहीच होऊ द्यायचं नाही. आठवण नाही, राग नाही, माया नाही."

"म्हणजे वहिनी वाईट आहेत असं समजायचं?"

"छे. वाईटही नाही. गाय बघितली तेव्हा काय वाटलं होतं? तसंच."

"गाय!" मी उठलो. "तुमच्या आईला बघून तुम्हाला गाय आठवते का हो?" चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेलो. तिथं उभा राहिलो. मग परत येऊन बसलो. शिर्केसरांना हे नेहमीचंच असावं.

सुरुवातीला जमलं नाही. फोटो आला की वहिनींच्या पदराचा वास यायचा, आणि सरांकडच्या तसल्याच पट्टीची पडद्यावरची रेघ उसळायची. मग मी आपली युक्ती काढली. क्लॅरिनेटवर लांब सूर धरायचा तर नाकानं वारं घ्यायचं, गालात साठवायचं आणि न तुटता सोडत राहायचं. त्याला दमसास लागतो. तो धरलेला असताना मनात दुसरं काही येऊ दिलं की सूर थरथरतो. चाळीस वर्षं वरातीत फटाके वाजले, घोडं उधळलं, नवरदेव पडला, पण माझा सूर हलला नाही. दात गेले, ओठ गेला, दमसास गेला नव्हता. वहिनींचा फोटो आला की मी मनात क्लॅरिनेट उचलायचो आणि सूर धरायचो. रेघ सपाट.

"मास्तर, वा!" शिर्केसर म्हणाले. "इतक्या लवकर कुणाला जमलेलं नाही."

तोंड फुटल्यापासनं पहिल्यांदा माझ्या वाजवण्याला कुणी वा म्हणलं, ते या कामासाठी. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झाला.

घरी पण सराव चालू ठेवायचा होता. सर म्हणाले होते, फोटोपेक्षा खरं माणूस अवघड. वहिनी अंगणात आल्या की मी सूर धरायचो. त्या माझ्याकडं बघायच्या, मी त्यांच्या खांद्यावरनं पलीकडं बघायचो. दोन-तीन आठवड्यांत सूर धरायची फारशी गरज लागेना.

एका सकाळी मी दारात दाढी करत होतो. वहिनी कपडे वाळत घालत होत्या. मोरीजवळच्या शेवाळावर त्यांचा पाय गेला आणि त्या बाजूवर आपटल्या. ओल्या लुगड्याचा बोळा हातात तसाच. "आई गं," म्हणाल्या, हळूच.

मी उभा राहिलो. मला माहीत होतं की धावायचं असतं. पायाला सांगत पण होतो. पण त्याच्या आधी दमसास धरला गेला, आपोआप. वारं नाकानं आत, आणि सगळं सपाट. मी हातात वस्तरा घेऊन बघत राहिलो.

नंदा आतनं पळत आली. तिनं वहिनींना उठवून भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडं वळली. "माणूस हायसा का कोण?" इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती.

"आदेश हाय. जायचं नाही म्हणून."

"आग लागो त्या आदेशाला! म्हातारं माणूस पडलंय!"

"नंदा, त्याला बोलू नगंस," वहिनी म्हणाल्या. कंबर धरून, डोळे मिटून बोलत होत्या. आदेशानं माझ्याशी बोलायची बंदी होती, म्हणून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "त्यो माझ्या पोरासाठीच करतोय समदं. मला कळतंय."

हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. दुपारी नंदा माझ्यासमोर येऊन बसली. राग उतरला होता, त्याजागी भीती दिसत होती. "अहो, सोडा हे. तो सुटला न्हाई तर मी वहिनींना सांभाळीन, त्यांचं मन सांभाळीन. पण तुम्ही असं नका होऊ."

"परीक्षेपुरतं हाय गं. नंतर येतं परत."

"ओठाचं पण डॉक्टर हेच म्हणलं होतं," ती म्हणाली. "येईल हळूहळू म्हणून."

फेरपरीक्षेला मुजावर मॅडमच होत्या. गाय, एस.टी., टाकी, झाड. प्रथमेशला बघून राग आला, तो मी येऊ दिला, तो चालतो. मग वहिनींचा आधारकार्डावरचा फोटो. "ही तडजोड तुम्ही स्वतःच्या मर्जीनं केली का?"

"हो."

मॅडम बराच वेळ पडद्याकडं बघत होत्या. पट्टी सोडताना म्हणाल्या, "मागच्या वेळी इथं केवढी उसळी होती. आता काहीच नाही. तयारी केलीत?"

"मनात क्लॅरिनेट वाजवलं."

त्यांनी मान हलवली. "तयारी पकडायचं मशीन अजून आलेलं नाही, मास्तर. मी जे दिसलं तेच लिहिणार."

अपिलाच्या दिवशी आम्ही तिघं कोर्टात होतो. आदेशाची मुदत संपली होती, पण वहिनी सवयीनं नंदाच्या पलीकडं बसल्या. कंबर दुखत होती, एका अंगावर कलून बसल्या होत्या. हल्ली न्यायाधीश इंग्रजीत बोलले की लगेच मराठी कानात ऐकू येतं. दारातच कानात घालायची गोळी देतात. वहिनींना नंदानं ती घालून दिली.

सरकारी वकील म्हणाले, जखम गंभीर आहे, कलावंताची कला गेली आहे, आणि तडजोडीनं असले गुन्हे स्वस्त होतील. त्यांचं काही चूक नव्हतं. मला तर पटत होतं. मगदूम मॅडम म्हणाली, एक घर आहे, एक अंगण आहे, आणि ज्याची कला गेली तोच सोडा म्हणतोय. मग न्यायाधीशांनी मला उभं केलं.

"तुम्ही आरोपीला माफ केलं आहे का?"

"नाही साहेब."

मगदूम मॅडमनं कपाळावर हात मारला. न्यायाधीश मात्र पुढं वाकले. "मग त्याला सोडावं असं का म्हणता?"

"भांडण मिटवायचंय म्हणून. माफी वेगळी आणि मिटवणं वेगळं. दमलोय साहेब, बाकी काही नाही."

मग न्यायाधीशांनी निकाल सांगायला सुरुवात केली. गुन्हा सिद्ध आहे आणि सिद्धच राहील. तडजोडीमुळं तो पुसला जात नाही. मात्र शिक्षा ठरवताना तडजोड खरी आहे का हे पाहावं लागेल. मग त्यांनी अहवाल उचलला. कानात एका बाईचा स्वच्छ, शाळेतल्या मराठीतला आवाज बोलत होता. "पहिल्या चाचणीत अपिलार्थीची आई छबूबाई हिचा दबाव आढळला होता. दुसऱ्या चाचणीत तो पूर्णपणे नाहीसा झाला आहे. छबूबाई हिच्याविषयी फिर्यादीच्या मनात भय, दडपण अथवा अन्य कोणतीही भावना आढळून येत नाही. ही तडजोड निर्भेळ स्वेच्छेची आहे, असे हे न्यायालय मानते."

भोगलेली अडीच वर्षं पुरेशी धरली. प्रथमेश सुटला. कागद जेलमध्ये पोचायला वेळ लागतो, तो दुसऱ्या दिवशी बाहेर येणार होता.

नंदानं डोळे पुसले. मला वाटलं होतं वहिनी रडतील, देवाचं नाव घेतील, निदान माझ्याकडं बघून हसतील. त्यांनी कानातली गोळी काढली, दारातल्या माणसाला नीट परत दिली आणि आमच्यामागनं बाहेर आल्या. फाटकासमोर स्टॉपवर आम्ही एस.टी. स्टँडच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो.

"भारत," वहिनी म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकत होतो. "ते कानात काय म्हणलं रं, माझ्याबद्दल?"

"कोर्टाची भाषा असती, वहिनी. आपल्याला नाही कळायची."

"न्हाई. मराठीत म्हणलं. तुला माझ्याबद्दल कायबी वाटत न्हाई म्हणलं."

नंदा रस्त्याकडं बघायला लागली.

"मशीनला काय कळतंय?" मी म्हणलं. "खोटं हाय ते सगळं. तुमच्या पोराला सोडवायला नाटक केलं मी. तुम्ही माझ्या आईच्या जागी हायसा, ते कुठं जातंय?"

वहिनींनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. लहानपणी मी खोटं बोललो की त्या माझं तोंड अशाच बघायच्या आणि लगेच कान पिळायच्या. एकदाही फसल्या नव्हत्या. मी त्यांच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो.

"मग बरं," त्या म्हणाल्या. "म्या उगाच घाबरले बघ." त्यांना पटलं होतं. तोंडभर हसल्या आणि आत्ता कुठं रडायला लागल्या. माझा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःच्या गालाला लावला.

गाल ओला होता, सुरकुतलेला होता, मला सगळं नीट कळत होतं. आता आत काहीतरी हलेल म्हणून मी थांबलो. नंदा म्हणाली, "गाडी आली, चला." वहिनी हात सोडून पुढं झाल्या. लोक चढायला लागले, मागचे ढकलायला लागले. तरी मी थांबलो होतो.